मधात पुलगाव लागते

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या मालधक्क्यावर ते आपोआप साचतात, फुटक्या पोत्यातून सांडलेल्या दाण्यांसारखे. काम चालू असताना त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. माणूस गेला की मग सगळे वेचायला बसतात.

माझा मोठा भाऊ किसन गेला. तेरवीच्या पंगतीत हमालांनी त्याचा एकेक किस्सा काढला आणि लोक हसून हसून जेवले. मला एकेकाचं ताट उचलून फेकावंसं वाटत होतं. एकाचं फेकलंही! सगळं वरण चिंधूच्या धोतरावर गेलं. चिंधू म्हणजे दादाचा जोडीदार, दोघं बरोबरच धक्क्यावर लागलेले. तो धोतराकडे पाहत म्हणाला, "लहान्या, वरण गेलं त जाऊ दे. पुरी कुठी पडली ते पाह्य!"

मग मीही हसलो. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी चौथीत शाळा सोडली. लिहिणं हे माझं काम नाही. पण आमचा ठेकेदार, ज्याला सगळे सेठ म्हणतात, तो गावभर सांगतो की किसन पिऊन होता म्हणून फळीवरून पडला. त्यात सरकारची दारूबंदी! म्हणजे माझा भाऊ नुसता मेला नाही, तो गुन्हा करून मेला. त्याच्या पोराला शाळेत 'दारूड्याचा' म्हणतात. दादा दारू पीत नव्हता. हे ज्याला पटत नाही त्याने पुढचं वाचावं. ज्याला पटतं त्यानेही वाचावं, कारण दादा मजेदार माणूस होता.

*

आधी धक्का समजून घ्या. पुलगावला दोन रेल्वे भेटतात. मुंबईहून नागपूरकडे जाणारी मोठी गाडी, आणि आर्वीहून येणारी छोटी गाडी. छोट्या गाडीचे रूळ अरुंद, डबे बुटके. तिचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही आणि मोठ्या गाडीचा डबा तिच्या रुळावर बसत नाही. म्हणून आर्वी, रोहण्याकडचा सगळा माल पुलगावात छोट्या डब्यातून काढायचा, पाठीवर घ्यायचा, तिरप्या लाकडी फळीवरून चढायचं आणि मोठ्या डब्यात थप्पी लावायची. मुंबईचा माल आला की तेच उलटं. बाबू लोक याला ट्रान्शिपमेंट म्हणतात. आम्ही म्हणतो, पाठ.

एकदा एक पुढारी आले. स्टेशनाबाहेर सभा झाली. धक्क्यावरच्या सगळ्यांना सुट्टी देऊन बसवलं होतं, कारण गर्दी कमी पडत होती. पुढारी चांगलं बोलले. संस्थानं गेली, राजे गेले, ठिकठिकाणचे नाके गेले, आता सगळा देश एक बाजार झाला म्हणाले. शेवटी हात उंच करून त्यांनी विचारलं, "बंधूंनो, काश्मीरहून निघालेला माल आज कन्याकुमारीपर्यंत कोणीही न अडवता जातो! मध्ये काय लागतं, सांगा! मध्ये काय लागतं?"

त्यांना 'काहीच नाही' हवं होतं. दादा मागून उठला.

"साहेब, मधात पुलगाव लागते!"

सभा तिथेच संपली. पुढाऱ्यांनाही हसू आलं. हसला नाही तो फक्त सेठ. पुढाऱ्यांच्या गळ्यातला हार त्याने आणलेला होता.

*

दादाने पुलगाव सोडून नागपूरसुद्धा दोनदाच पाहिलं. पण देश कसा आहे हे तो अंगावरून सांगायचा.

"गुजरात खारट हाये," तो म्हणायचा. मिठाची पोती तिकडून यायची. मानेवर घामाने मीठ विरघळलं की कातडी सोलून निघायची. "आंध्र तिखट. कोल्हापूर गोड, पण मुंग्या लय." गुळाच्या ढेपांबरोबर मुंग्या फुकट यायच्या आणि थेट अंगातल्या बंडीत शिरायच्या. मिरचीचा डबा उघडला की सगळा धक्का शिंकायचा. स्टेशनमास्तर आपल्या खोलीतून शिंकून ओरडायचे, "आला का रे गुंटूरवाला?"

मी एकदा विचारलं, "आन् आपली आर्वी कशी हाये, दादा?"

"आर्वी मऊ हाये," दादा म्हणाला. "कापूस देते. पण रात्रभर खाजवते."

तेरवीला रामजी काकाने हे सांगितलं. रामजी काका धक्क्यावरचा सगळ्यात जुना हमाल, दादाला त्यानेच कामाला लावलं होतं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मीठ त्याले पयल्यापासूनच मानवत नोतं." कोणी हसलं नाही. दादा पडला त्या दिवशी पाठीवर मीठ होतं.

*

आता दादाच्या लग्नाचा किस्सा. हा सगळ्या पुलगावला माहीत आहे, पण प्रत्येक जण चुकीचा सांगतो. मी तिथे होतो.

वहिनी रोहण्याची. लग्न तिकडेच लागलं आणि वऱ्हाड छोट्या गाडीने परत आलं. वहिनीच्या बापाने आंदण भरपूर दिलं होतं: लाकडी पलंग, पाण्याचा पितळी गुंड, परात आणि लुगड्यांचा पेटारा. पुलगावला गाडी थांबली. धक्क्यावरचे सगळे हमाल स्वागताला हजर! नवे सदरे घालून, कपाळाला गुलाल लावून! दादाच्या लग्नाचं सामान म्हटल्यावर कोणी कोणाला हात लावू देईना. "सरक बे, मी नेतो!" "तू काऊन, मी नेतो!" बघता बघता डबा रिकामा.

आम्ही वाजतगाजत घरी पोचलो. वहिनीने माप ओलांडलं. बायकांनी विचारलं, "आंदण कुठी हाये?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग चिंधूने डोक्यावर हात मारला.

छोट्या गाडीतून सामान उतरलं की ते कुठे न्यायचं, हे हमालाच्या पायांना माहीत असतं. डोक्याला विचारायची गरज नसते. समोर मोठ्या गाडीचा मुंबईचा डबा उघडा उभा होता. पोरांनी पलंग, गुंड, परात, पेटारा, सगळं फळीवरून चढवून त्या डब्यात नीट थप्पी लावून ठेवलं होतं. वर सरकीची पोतीही रचली होती. डब्याला सील लागलं होतं आणि गाडी निघून गेली होती!

तारा केल्या, हातापाया पडलो, तेव्हा कुठे ते आंदण बडनेऱ्याहून परत आलं. वहिनी लग्नाच्या लुगड्यावर तेवढे दिवस नव्या घरात वावरली. शेजारच्या बाईने तिला चिडवलं, "काय वं, तुवं सामान त मुंबईले गेलं म्हंते?"

वहिनी सासरी पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "सामान गेलं त जाऊ द्या, बाई. मले नाई चढवलं हेच नशीब!"

तेरवीला चिंधूने हा किस्सा काढला तेव्हा वहिनी आतल्या खोलीत हसली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग ते हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

*

कंट्रोलच्या दिवसांतली गोष्ट, धान्य सरकारी परवान्याशिवाय हलत नसे तेव्हाची. गोंदियाहून तांदळाचा डबा आला. फळीच्या या टोकाला तांदूळ, त्या टोकाला आर्वीचा रिकामा डबा. पण परमिट आलं नाही म्हणून माल हलवायचा नाही. आर्वीत लोक तांदळासाठी रांगा लावून उभे, इथे तांदूळ आमच्या नाकासमोर. एक शिपाई बंदूक घेऊन फळीशी बसवला.

धक्का बंद, म्हणून आमचीही चूल बंद. सगळे सावलीत बसून त्या डब्याकडे पाहायचे. एका दुपारी दादाने शिपायाला हाक मारली.

"जमादार, तुमच्या समोरून माल चालला नं जी!"

शिपाई ताडकन उठला. "कोन? कोन नेऊन राह्यला?"

दादाने बोट दाखवलं. एक घूस फळीवरून रमतगमत आर्वीच्या डब्याकडे चालली होती. तिच्यामागे तिची पिल्लं.

"तिच्याजवळ परमिट असंन," चिंधू म्हणाला.

परमिट आलं तेव्हा पोत्यांना खालून भोकं होती. आम्ही उचलली तशी ती गळत गेली. सेठ म्हणाला, हमालांनी चोरला! दादाला त्याने सगळ्यांसमोर झडती द्यायला लावली. दादाने धोतर सोडून झटकलं, पागोटं सोडून झटकलं, आणि तसाच उभा राहून म्हणाला, "सेठजी, तोंड बी उघडू का? पन आत काई दिसनार नाई. दोन दिसांपासून काई गेलंच नाई आत."

*

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या दिवशी धक्क्यावरच्या मालाची नोंद ठेवणाऱ्या मालबाबूने पेढे वाटले. "आजपासून आपली राजधानी मुंबई!" तो सगळ्यांना सांगत फिरत होता.

रामजी काकाने पेढा दोन्ही हातांनी घेतला, खाल्ला, हात पुसले. मग विचारलं, "मंग बाबूजी, आता छोटी गाडी मोठी झाली असंन?"

"गाडी कशी मोठी होईल?"

"म्हंजे आमाले आजबी चढाच लागते?"

"चढावंच लागेल."

"मंग असं सांगा नं जी," रामजी काका म्हणाला, "का नुसता पेढा हाये म्हनून!"

*

नवीन वजनं आली तेव्हाही असंच. त्याआधी प्रत्येक बाजाराचं माप वेगळं. आर्वीचा मण वेगळा, हिंगणघाटचा वेगळा. व्यापारी एका गावात घ्यायचा, दुसऱ्या गावात विकायचा आणि मधल्या फरकावर माडी बांधायचा. बाबूने समजावलं, आता सगळ्या देशाचं माप एक. मुंबईचा किलो तोच देवळीचा किलो. दादाला ते मनापासून आवडलं. घरी येऊन वहिनीला म्हणाला, "चांगलं झालं. आता गरिबाले कोनत्याबी गावात सारखंच लुटता येईन!"

मग नव्या मापाची पोती आली. जुनं पोतं अडीच मणाचं असायचं. नवं भरून क्विंटलचं. फरक थोडाच. तुम्ही हातात धरलं तर कळणारही नाही. फळीवर अर्ध्यात गेलं की कळायचं.

पहिल्याच दिवशी चिंधूचा गुडघा वाकला. दादाने त्याला वरून हात दिला, पोतं टाकून खाली आला आणि बाबूला म्हणाला, "बाबूजी, आमच्या गुरुजींनं बेरीज शिकवली होती. खाली लिवायचं ते लिवायचं आन् हातचा वर घ्याचा. तुमी देशाची बेरीज केली. हातचा आमच्या पाठीवर ठेवला!"

बाबू भला माणूस. तो म्हणाला, "किसन, मी लिहून कळवतो." सेठ म्हणाला, "ज्याले भारी वाटून राह्यलं त्यानं घरी बसावं."

कोणी घरी बसलं नाही.

*

आता फळी.

मोठ्या पोत्यांनी फळी मध्ये तडकली. पाय पडला की करकरायची. दादाने तारेने बांधली. तार तुटली, पुन्हा बांधली. मग तो सेठकडे गेला. मी बरोबर होतो. सेठ गादीवर बसून संत्रं सोलत होता.

"सेठजी, फळी बदलाले पायजे. एखादा पडन."

सेठने आम्हाला एकेक फोड दिली. अगदी प्रेमाने! "किसन, तुले बातमी नाई का बे? अरे, ही लाईन मोठी होनार! साहेब लोक पाहून गेले. मोठी गाडी सीधी आर्वीले जाईन. मंग तुमचं चढनं-उतरनं खतम! आता नवीन फळी घेऊन मी काय करू, घरी झुला बांधू?"

"गाडी कधी येईन जी?"

"आता येईनच."

"तवर आमी उडत जाऊ का?"

सेठ खूप हसला. जाताना मलाही म्हणाला, "तुवा भाऊ मोठा मजाकी हाये!" मी तेव्हाच त्याच्या अंगावर जाणार होतो. दादाने माझी मान धरून मला बाहेर काढलं. बाहेर येऊन म्हणाला, "लहान्या, संत्रं आंबट होतं नं?" आणि पुन्हा तार शोधायला गेला.

*

हा किस्सा तेरवीला कोणी सांगितला नाही. मीच सांगतो.

सकाळी मिठाचा डबा लागला होता. मोठ्या गाडीतून खाली आणायचं. दादा तिसऱ्या खेपेला होता. मी थप्पीवर होतो, फळीकडे माझी पाठ होती. आधी फळीचा आवाज आला. मग पोतं पडल्याचा. दादाचा आवाज आलाच नाही. तो दोन डब्यांच्या मध्ये रुळावर पडला होता आणि पोतं त्याच्या मानेवर होतं.

मुकादम धावत आला. लक्ष्मण मुकादम, वाईट माणूस नव्हे. दादाला तो पोरासारखं वागवायचा. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मीठ भिजलं का?"

मग त्याने आपण काय बोललो ते ऐकलं. तिथेच रुळावर बसला आणि स्वतःच्या तोंडात मारत राहिला.

दुपारी सेठ स्वतः घरी आला. पागोटं काढून अंगणात उभा राहिला. "सरन माह्याकडून," म्हणाला. "किसनसाठी एवढंबी नाई करू का?" बैलगाडीभर लाकडं आली. आई म्हणाली, देव आहे माणूस. पावसाळ्याचे दिवस होते, गावात कोरडं लाकूड मिळत नव्हतं. सेठचं लाकूड मात्र कोरडं, जुनं, चांगलं सागाचं. दादा लवकर पेटला.

राख सावडायला गेलो तेव्हा मला राखेत तार सापडली. वेटोळं केलेली. दादाच्या हातची गाठ मला ओळखता येते.

फळी आम्हीच जाळली होती. आणि धक्क्यावर, दादाने मागून मागून मिळाली नाही ती नवी कोरी फळी बसली होती.

"फळी त मजबूत हाये," सेठ आल्यागेल्याला दाखवायचा. "पिऊन चढल्यावर कोन काय करंन?"

मी ती तार घेऊन त्याच्या गादीवर गेलो. त्याच्या चौकीदाराने मला मारलं, मी चौकीदाराला मारलं. लोक म्हणाले, भावासारखाच, हाही पीत असेल.

*

शेवटचा किस्सा.

दादा कसा पडला ते मालबाबूने खरंच वर लिहून कळवलं होतं. चौकशीला एक साहेब आला. लहानखुरा, चष्मेवाला, बोलायला गोड. हमालांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की सगळ्यांनी सांगायचं. रामजी काका वहिनीला येऊन म्हणाला, "पोरी, उद्या किसनच्या नावावरचा डाग आमी धुतो. तू काळजी नोको करू." चिंधूने तर बोलायचं पाठ करून ठेवलं होतं.

सेठने साहेबाला गादीवर नेलं. चहा झाला, पुरी-भाजी झाली, संत्री झाली. परतीच्या गाडीचा सिग्नल पडला तेव्हा सेठ म्हणाला, "चला साहेब, आता धक्का पाहून घ्या." तोवर त्याने मुकादमाला सांगून काम सुरू करायला लावलं होतं. सरकीची पोती, छोट्या डब्यातून मोठ्यात. मला मात्र फाटकाबाहेर काढलं. सख्खा भाऊ, त्याची साक्ष कशी धरायची! चौकीदाराने माझा दंड धरून ठेवला होता.

फळीच्या पायथ्याशी साहेबासाठी खुर्ची टाकली. साक्ष देणार होते ते सहाही हमाल रांगेत होते. रामजी काका डब्याच्या दारात, चिंधू फळीच्या मध्यावर, बाकीचे मागे. सगळ्यांच्या पाठीवर क्विंटलचं पोतं.

साहेबाने घड्याळ पाहिलं. मग चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "मयत किसन हा त्या दिवशी दारू प्यायलेला होता, असं ठेकेदाराचं म्हणणं आहे. कोणाचं काही वेगळं म्हणणं असेल तर त्याने आत्ता सांगावं. घाबरू नका."

एक गोष्ट साहेबाला माहीत नव्हती. ती हमालाशिवाय कोणालाच माहीत नसते. पाठीवर ओझं असलं की हमाल बोलत नाही. पोतं उचलताना छातीत श्वास भरायचा, तोंड मिटायचं, आणि पोतं खाली टाकल्यावरच उघडायचं. मध्ये तोंड उघडलं की श्वास सुटतो, श्वास सुटला की कंबर सुटते. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मागे साप निघाला तरी बोलायचं नाही. घरून माणूस बोलवायला आला तरी बोलायचं नाही.

कोणी बोललं नाही.

रामजी काकाच्या मानेची शीर दोरीसारखी फुगलेली मला फाटकातून दिसत होती. चिंधू साहेबाकडे नुसता डोळे फाडून पाहत होता. रिकाम्या पाठीने उभा होता तो एकटा मुकादम, आणि त्याच्या शेजारी सेठ होता. मुकादम आपल्या पायांकडे पाहत राहिला.

"बोला नं बे!" मी ओरडलो. "बोला! टाका ते पोते!"

"हा कोण?" साहेबाने विचारलं.

"भाऊ हाये जी त्याचा," सेठ म्हणाला. "डोकं फिरलं बिचाऱ्याचं."

साहेबाने मान हलवली. पुन्हा एकदा सगळ्यांकडे पाहिलं, प्रत्येकाच्या तोंडाकडे, चांगलं थांबून. "कोणीच नाही? बरं." गाडी आत येत होती. सेठने त्याच्यासाठी छत्री धरली आणि दोघं प्लॅटफॉर्मकडे गेले.

गाडी सुटायच्या वेळेला रामजी काका डब्यातून फळीवर आला. पोतं टाकलेलं होतं. तो धापा टाकत खाली उतरला, उपरण्याने तोंड पुसलं, रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "नाई जी साहेब. किसन पीत नोता."

त्याच्यामागून चिंधू आला. त्याने पाठ केलेलं सगळं बोलून दाखवलं. मधला एक शब्द विसरला तर परत पहिल्यापासून सुरू केलं. त्याच्यामागून तिसरा. मग चौथा. प्रत्येक जण आपलं पोतं थप्पीला लावूनच खाली आला. एकानेही मध्ये टाकलं नाही. मोठी गाडी शिट्टी देऊन धामणगावकडे निघून गेली तरी खुर्चीसमोरची रांग हलली नाही.

मुकादम खुर्चीमागे उभा होता. एकाचं बोलणं संपलं की तो हळूच म्हणत होता, "पुढचा."

सहाही झाले. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली, आणि खुर्चीमागून फिरून पुढे आला.